आठ दिवसांचं ऊन

बुधवारी सकाळी कुरिअरवाल्याने विद्याधर चुरीच्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं. आत त्याच्याच कंपनीची सुकेळ्यांची तीन पाकिटं होती. चकचकीत प्लास्टिक, त्यावर सोनेरी अक्षरांत 'चुरी सुकेळी, आगाशी', खाली बारकोडच्या काळ्या रेघा. आणि आतल्या मधाच्या रंगाच्या केळ्यांवर पांढरी बुरशी!

सोबत दिनानाथशेटची चिठ्ठी होती. दिनानाथशेटचं मुंबईत दुकान. विद्याधरच्या वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून, चुऱ्यांचा निम्म्याहून अधिक माल त्या एका दुकानात जायचा. म्हाताऱ्याने मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं:

'चि. विद्याधरास आशीर्वाद. तीन गिऱ्हाइकांनी परत केलेला माल पाठवतो आहे. तुझी अशी दोनशे पाकिटं माझ्या फळीवर आहेत. हा खराब माल कुठल्या घरचा, आणि त्या घरची बाकीची पाकिटं कुठली, एवढं शनिवारपर्यंत कळव. तेवढी काढून टाकतो, उरलेली विकतो. कळवता आलं नाही, तर मला सगळाच माल उतरवावा लागेल आणि पुढे मागवताही येणार नाही. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. अण्णा असते तर ही चिठ्ठी लिहावी लागली नसती.'

विद्याधरच्या पाचावर धारण बसली. अकरा घरांच्या बायका पूर्वी चुऱ्यांसाठी सुकेळी करायच्या. गेल्या दोन वर्षांत सहा घरं सोडून गेली होती. उरली होती पाच, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. दिनानाथशेटचा हात सुटला, तर चुरी सुकेळी हे नावच आगाशीच्या बाजारातून पुसलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ज्यांनी सुकेळी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगायला हवं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी घरात घ्यायची. असं आठ दिवस. ऊन कमी पडलं तर केळं आतून ओलं राहतं आणि थोड्याच दिवसांत त्याला बुरशी धरते. एवढंच त्यातलं शास्त्र. बाकी सगळी मेहनत.

विद्याधरने घाईघाईने कम्प्युटर उघडला. दोन वर्षांपूर्वी विरारच्या एका हॉटेलात त्याने एक दिवसाचं शिबिर केलं होतं. टाय लावलेल्या एका गृहस्थाने तिथे सांगितलं होतं, की यापुढे धंद्यात ज्याच्याकडे माहिती तोच राजा. वाक्य खोटं नव्हतं. पण विद्याधरने त्यातलं 'राजा' एवढंच घरी आणलं. परत आल्याबरोबर त्याने कम्प्युटर घेतले, बारकोडचं मशीन घेतलं, घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या ऑफिसच्या दारावर काचेची पाटी लावली आणि लहानपणापासून 'विद्याकाका' म्हणणाऱ्या पोरांना 'सर' म्हणायला लावलं.

पडद्यावर सगळं होतं. टेम्पो किती वाजता निघाला, पाकिटाचं वजन किती ग्रॅम, कुठल्या महिन्यात किती खप, त्याचे लाल-हिरवे आलेख. प्रत्येक मालापुढे एक रकाना होता: 'उन्हाचे दिवस'. विद्याधरने तो वरून खालपर्यंत पाहिला. आठ. आठ. आठ. आठ. डिसेंबरात अवेळी पाऊस आला होता, चार दिवस सूर्य दिसला नव्हता, गिरीजपासून अर्नाळ्यापर्यंत माणसं आभाळाकडे बघून बोटं मोडत होती. त्या आठवड्यातही, सगळ्या घरांपुढे, आठ!

आणि कुठल्या पाकिटात कुठल्या घरचा माल? ते पडद्यावर नव्हतंच. पाचही घरची सुकेळी वजन झाल्यावर एकाच पिंपात पडत. बारकोड चिकटायचा तो त्यानंतर. दोनशे पाकिटांचा जन्म त्या पिंपात झाला होता, आणि त्याआधीचं त्यांचं कूळ कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत विद्याधर चार घरं फिरला. चारही घरी चहा मिळाला आणि चारही घरी एकच उत्तर मिळालं, "आमचा माल आठ दिवसांचाच हो, सर." बोलताना एकीनेही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

अण्णांच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा सुकेळी वाळल्या केळीच्या पानात बांधली जात. पुडीला दोरीही केळीचीच. त्या दोरीची गाठ प्रत्येक घरची वेगळी असे, सासूने सुनेला शिकवलेली. राऊतांची दुहेरी, म्हात्र्यांची तिरकी, चुऱ्यांची फुलासारखी. आणि दोरीच्या लोंबत्या टोकाला, जितके दिवस ऊन लागलं तितक्या बारीक गाठी. आठ दिवस असतील तर आठ. आभाळ आलं आणि सहाच मिळाले, तर सहा. अण्णा टोपलीत हात घालून नुसत्या बोटांनी पुड्या वेगळ्या करायचे. आठवाल्या मुंबईला, सहावाल्या गावातल्या दुकानाच्या फळीवर, आठवडाभरात खाऊन टाकायला. सहा गाठींची पुडी आणणाऱ्या बाईला अण्णांनी उभ्या जन्मात कधी "का?" म्हणून विचारलं नाही. दुकानातून एखादी तक्रार आली, की गाठ बघायची, चप्पल पायात सरकवायची आणि त्या घरी जायचं. पुढच्या आठवड्यात दोष गायब!

विद्याधरला या गाठी म्हणजे मागासलेपणा वाटला. त्याने त्या बंद केल्या. कम्प्युटरवर मात्र अशी सोय करून घेतली, की आठपेक्षा कमी आकडा घातला तर तो पुढेच जायचा नाही, आणि त्या घराचं नाव लाल अक्षरांत ऑफिसच्या दाराशी लागायचं. पहिल्याच महिन्यात राऊतांच्या सुनेचं नाव लागलं. बाजारात जाता-येता लोकांनी वाचलं. त्यानंतर ते लाल अक्षर पुन्हा कोणाच्या वाट्याला आलं नाही. विद्याधरने छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, की शिस्त लागली!

एकच पोरगी बोलली होती. संजना. खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली, कॉमर्स झालेली, त्याच्याच ऑफिसात आकडे भरायला होती. टायवाले गृहस्थ पाहणीला आले असताना ती उभी राहिली.

"सर, सगळे आठच सांगतायत. परवा तीन दिवस आभाळ होतं, तरी आठ. हे खोटं आहे. बायका घाबरतात सर, म्हणून…"

"तुला आकडे भरायला ठेवलंय, अक्कल शिकवायला नाही!" विद्याधर पाहुण्यांदेखत ओरडला होता.

पोरगी लालबुंद झाली. शहरी मराठी तिच्या तोंडून गळून पडली आणि घरची बोली बाहेर आली. "कोनचे घरचा माल हाय त्ये कलत नाय, किती ऊन लागलंय त्ये कलत नाय, मंग या मशीनचा उपेग काय?" असं म्हणून तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली. तिच्या मागोमाग आठवड्याभरात मंदाकाकू गेल्या. तीस वर्षं अकरा घरांच्या मालावरून हात फिरवणारी बाई, जाताना एक शब्द बोलली नाही. दोघींनी विरारच्या रस्त्यावर पत्र्याची एक शेड घेतली आणि सुकेळ्यांचाच धंदा मांडला. विद्याधर तेव्हा हसला होता.

गुरुवारी संध्याकाळी मात्र तो मंदाकाकूंच्या अंगणात मान खाली घालून उभा होता. हातात तीन बुरसटलेली पाकिटं.

काकूंनी एक केळं मधोमध मोडलं, बोटाने चेपलं, वास घेतला. "पाच दिवसांचं ऊन आहे. सहाव्याचं नाही."

"कुठल्या घरचं, काकू? तेवढं सांग. शनिवारी दिनानाथशेटला उत्तर द्यायचंय."

"ते केळं कसं सांगेल रे, विद्या? ते गाठ सांगायची."

विद्याधर ओट्यावर बसला. "त्या संजनाने माझी घरं पळवली, माझी गिऱ्हाइकं पळवली. माझ्याकडेही कम्प्युटर आहे, तिच्याकडेही कम्प्युटर आहे. माझा तर तिच्यापेक्षा भारी आहे. मग ती वर आणि मी खाली, असं का?"

काकू आत गेल्या आणि त्यांच्या शेडमधली एक पुडी घेऊन आल्या. वाळलं पान, केळीची दोरी, राऊतांची दुहेरी गाठ, टोकाला आठ बारीक गाठी. पानाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी छाप. त्यांनी विद्याधरचा मोबाइल त्यावर धरायला लावला. पडद्यावर उमटलं: राऊतांचं घर, आगाशी. ऊन आठ दिवस. सोबत गाठीचा फोटो.

"बघितलंस? त्या पोरीने नवं काही शोधलं नाही," काकू म्हणाल्या. "ती पहिल्या दिवशी माझ्यासमोर वही घेऊन बसली. म्हणाली, काकू, तुमच्या हाताला जे कळतं ते मला सांगा. महिनाभर नुसतं विचारत होती. मग तिने ते मशीनला शिकवलं. तू उलटं केलंस. तू मशीन आणलंस आणि आम्हाला गप्प बसायला शिकवलंस."

"पण धंदा म्हटला की शिस्त नको?"

"हवी की! पण मला सांग, दिनानाथशेट तुझ्याच बापाकडून का घ्यायचा? केळी काय, सगळ्या वाड्यांत होती. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं. अण्णांकडे खरं कळायचं, म्हणून घ्यायचा. कुठे बिघडलं ते कळायचं आणि लगेच सुधारायचं. दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं. तीच तुमच्या घराची पुंजी होती, विद्या. ती तू स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकलीस आणि वरून काचेची पाटी लावलीस!"

विद्याधर पाकिटं उचलून उठला. तेव्हा काकूंनी विचारलं, "सगळ्या घरी चौकशी केलीस?"

"चार घरी केली."

"आणि पाचवं?"

"पाचवं माझंच."

"मग?" काकू एवढंच म्हणाल्या आणि मांडवावरची केळी आत घ्यायला वळल्या.

शुक्रवारी दुपारी जेवताना विद्याधरने सहज विचारावं तसं बायकोला विचारलं, "सीमा, डिसेंबरातला आपला माल किती दिवसांचा होता गं?"

सीमाच्या हातातली पळी आमटीतच राहिली. 

"पाच," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी पाऊस आला. चाळीस पाकिटांचा माल होता."

"आणि तू आठ लिहिलंस?" विद्याधरचा आवाज चढला. "माझ्या घरात? माझ्या नावाचा माल? मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"दाराशी लाल अक्षरांत 'चुरी' लागलं असतं, की माझ्यासाठी यादी फाडली असती?" सीमाचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. "राऊतांची सून आठ दिवस बाजारात गेली नाही, माहितीये? संजनाला तुम्ही चारचौघांत कसं बोललात ते मी आतून ऐकलं होतं. त्या दिवसापासून मी तुम्हाला वाईट असं काहीच सांगितलेलं नाही. फक्त केळ्यांचं नाही म्हणत मी. काहीच नाही. तुम्हाला गोड लागेल तेवढंच या घरात बोललं जातं, अहो. रोज."

 चार घरी चहा पिऊन तो चोर शोधत फिरला होता, आणि खोटं रोज त्याच्याच ताटात वाढलं जात होतं! वाढणाऱ्या हाताला तसं वागायला शिकवलं कोणी? त्यानेच! दोन वर्षं त्याला वाटत होतं, की आपल्याला सगळं कळतं. त्याला काडीचंही कळत नव्हतं. समोरच्या माणसाच्या तोंडाला त्याने कुलूप घातलं होतं आणि पडद्यावरच्या आकड्यांना तो माहिती समजत होता.

त्याला जेवण गेलं नाही. सीमालाही नाही. आमटी चुलीशेजारी तशीच निवत राहिली.

शनिवारी सकाळी त्याने फोन लावला.

"दिनानाथशेट, माल माझ्या घरचा आहे. पाच दिवसांचाच होता. चूक माझी."

 पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, मऊ. "शाब्बास. अण्णांचा मुलगा शोभतोस. किती पाकिटं?"

"चाळीस."

"आता सांग, या दोनशेतली ती चाळीस कुठली?"

विद्याधरने डोळे मिटले. पिंप. एकच पिंप. खरं सापडलं होतं, सांगायचं धैर्यही झालं होतं, आणि त्या खऱ्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"ते… ते नाही सांगता येत, शेट."

"मग मी काय करू, बाळा?" दिनानाथशेट म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच विद्याधरला सगळं संपल्याचं कळलं. "सगळा उतरवतो. एकशे साठ बिचारी चांगली असतील, पण मला ओळखता येत नाहीत. पुढचा माल मी त्या विरार रस्त्यावरच्या मुलीला सांगितलाय. तिच्या पुडीवर राऊतांची गाठ बघितली आणि हात आपोआप गेला."

महिनाभरात उरलेली चारही घरं गेली. विद्याधरने कोणाला अडवलं नाही. कम्प्युटर विकायला काढले, ते कोणी घेतले नाहीत. काचेची पाटी काढताना तडकली. 'चुरी सुकेळी' हे नाव, जे अण्णांनी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरून उभं केलं होतं, ते एका शनिवारी, एका प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून मेलं.

वाचकहो, सुकेळी तुम्ही करत नसाल. पण तुमच्याही घरात जेवणाचं ताट असतं, तुमच्याही ऑफिसात साहेबाची केबिन असते. तिथे "सगळं छान आहे" असं रोज ऐकू येत असेल, तर खूश होऊ नका, दचका! कम्प्युटर पैसे टाकले की शेजाऱ्यालाही मिळतो. आपल्या माणसाने न घाबरता येऊन सांगितलेलं खरं मात्र विकत मिळत नाही, आणि ज्या धंद्याकडे ते आहे त्याच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही. सहाला सहा म्हणणाऱ्याचं नाव ज्या दाराशी लाल अक्षरांत लागतं, त्या दारातून आधी खरं बाहेर पडतं. मग गिऱ्हाईक. मग लक्ष्मी.

फेब्रुवारीत विद्याधर आणि सीमाने स्वतःच्या वाडीतली केळी पुन्हा मांडवावर घातली. दुसरं करायचं काय, तेच कळत नव्हतं. सातव्या दिवशी आभाळ भरून आलं. सीमाने पानात पुड्या बांधल्या, सासूने शिकवलेली फुलासारखी गाठ मारली आणि टोकाशी बारीक गाठी घालताना नवऱ्याकडे पाहिलं.

"सहाच घाल," विद्याधर म्हणाला.

ती टोपली घेऊन तो संजनाच्या शेडमध्ये गेला. राऊतांची सून, म्हात्र्यांची हेमा, सगळ्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. बायका जरा चपापल्या. त्याची पाळी आली तेव्हा संजनाने टेबलाआडून वर पाहिलं. 

"घर?" तिने विचारलं.

"चुरी."

तिने गाठीचा फोटो काढला. पडद्यावर दहा घरं होती. त्यांच्याखाली अकरावं उमटलं.

"ऊन किती दिवस, काका?"

किती दिवसांनी कोणी त्याला काका म्हणालं होतं!  मागे अख्खी रांग ऐकत होती.

"सहा," तो मोठ्याने म्हणाला.

संजनाने सहा लिहिलं, टोपली गावात विकायच्या मालाच्या फळीकडे सरकवली आणि पुढच्या बाईला बोलावलं. का म्हणून तिने विचारलं नाही. विद्याधर रिकाम्या हातांनी बाहेर आला, शेडच्या पत्र्याला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला.